दोघांच्या मंजुरीने

प्रिय वाचक, बाजार घसरला की हाताला खाज सुटते. अशा वेळी हात खिशात ठेवावेत.

आवाज आला की बटण दाबायचं. आल्यासारखा वाटला तरी दाबायचं. चुकलं तर चुकलं.

घर विकत घेणाऱ्याने पडदे उतरवायच्या आधीच खिडक्यांची मापं घेतली.

दुसऱ्या धारकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. हा आकडा कुणालाही सांगू नका.

एका माणसापुरता पाव कुठल्याच बेकरीत मिळत नाही. अर्धा उरतो आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता ठरून जातो.

लाल म्हणजे उजवा, निळा म्हणजे डावा.

*

हे सगळं एकाच बाईच्या आयुष्यातलं आहे. ती कान तपासते. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक आवाजबंद खोली आहे, तिच्या भिंतींना करड्या रंगाच्या गाद्या ठोकलेल्या आहेत. पेशंट आत बसतो, ती काचेच्या बाहेर. लाल खुणेचा हेडफोन उजव्या कानाला, निळा डाव्या. ती एकेक आवाज सोडते, तो बारीक करत नेते आणि पेशंटने बटण दाबायचं थांबवलं की कागदावर खूण करते. दिवसभर माणसं तिच्यासमोर बसून तिला सोडून दुसरंच काहीतरी ऐकत असतात.

पन्नाशी ओलांडली आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसं होती तोवर त्यांचा राग यायचा. आता तीही उरली नाहीत.

एक धाकटा भाऊ आहे. लहानपणी वयाच्या मानाने फारच बुटका होता म्हणून त्याचं नाव टिल्लू पडलं. नंतर तो दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच झाला, पण नाव काही वाढलं नाही. तो दूरच्या शहरात एका मोठ्या छापखान्यात यंत्रांवर असतो. आई गेली, मग वडील गेले, मग घर विकलं. घराचे पैसे दोघांनी वाटून घेतले नाहीत. म्युच्युअल फंडात दोघांच्या नावावर ठेवले. रोजचं बघणं ताईकडे, कारण तिला वेळ असतो. फक्त एवढंच, की खातं "दोघांच्या मंजुरीने" असं नोंदवलेलं आहे. एका फंडातून काढून दुसऱ्यात टाकायचं म्हटलं तरी एक ओटीपी तिच्या फोनवर येतो आणि एक टिल्लूच्या.

*

योजनेचं उद्दिष्ट: दीर्घ मुदतीत भांडवलवृद्धी.

तिला पहिल्यांदा फंडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. सल्लागाराला फी द्यायची तर मुळात वाढ होते किती, आणि त्यातून त्याला द्यायचं किती, म्हणून ती फुकटचं वाचायला लागली. फुकटचं खूप असतं. एका फंड कंपनीचं पत्र सोमवारी यायचं, त्यात समुद्राकडे बघून हसणारं म्हातारं जोडपं असायचं. बुधवारी एका निवृत्त विमा अधिकाऱ्याचं, तो सगळ्यांवर चिडलेला. शुक्रवारचं पत्र नुसत्या तक्त्यांचं. आणि रविवारी सकाळी एका बाईचं, जी आधी दोन परिच्छेद आपल्या बागेतल्या गोगलगायींवर लिहायची आणि मग व्याजदरांकडे वळायची. दर महिन्याची फॅक्टशीट, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक, कंपनीच्या वेबसाइटवर मिळायची. दोन फंडांतले शेअर किती सारखे आहेत ते दाखवणारं एक पान होतं, तेही फुकट.

ही पत्रं "प्रिय" म्हणून सुरू होत आणि तिचं नाव त्यात आपोआप पडे. आठवड्यातून चारदा कुणीतरी तिला प्रिय म्हणायचं. यंत्र म्हणायचं हे तिला माहीत होतं.

पहिल्या वर्षी एक अदलाबदल खरोखरच करायला हवी होती. त्यांचे दोन फंड उघडून बघितले तर आत सगळ्या त्याच कंपन्या, जणू एकच भाजी दोन पिशव्यांत भरून आणलेली. तिने बदल नोंदवला. दोन मिनिटांत टिल्लूचा फोन.

"ताई, आकडा लिहून घे आधी, तो लगेच बाद होतो म्हणे. आणि मग सांग, हे काय चाललंय? लग्नं जुळवतेस का आता? याला काढलं, त्याला आणलं?"

आकडा टाकून झाल्यावर फोन अर्धा तास चालला. त्याच्याकडे नळ गळत होता, बायकोशी त्यावरून वाजलं होतं, मुलगी गणितात नापास झाली होती आणि शिक्षकालाच नावं ठेवत होती. ताई पायावर पाय टाकून ऐकत बसली. त्या दिवशीचा चहा थंड झाला आणि तिने तो तसाच प्यायला, कारण उठून गरम करायला गेली असती तर मधलं काहीतरी राहिलं असतं.

त्याआधी त्यांचं बोलणं सणावारापुरतं, वाढदिवसापुरतं, दोन मिनिटांत संपणारं होतं. सगळं ठीक ना, ठीक, ठेवू मग.

पुढच्या वेळी कारण थोडं कमी पक्कं होतं. फंडाचा व्यवस्थापक बदलला होता. त्याच्या पुढच्या वेळी चिडक्या निवृत्त अधिकाऱ्याने एका फंडाला झोडपलं होतं. मग खर्चाचं प्रमाण वाढलं, मग फंडाच्या मानांकनातला एक तारा कमी झाला, मग एका तक्त्यात रेघ खाली वळली. एवढी पत्रं वाचणाऱ्या माणसाला कारणाची वाण पडत नाही. ती खोटं काहीच करत नव्हती. दर वेळी तिच्याकडे दाखवायला कागद असे. टिल्लू कागद मागत नसे. तो आकडा सांगे, चेष्टा करे आणि मग घरचं सगळं.

*

जोखीम (बारीक अक्षरात): वारंवार बदल केल्यास एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याबद्दलची वजावट, आणि कर यांमुळे परतावा घटू शकतो.

गुंतवणूकदाराने हे वाचलं होतं.

*

गेल्या वर्षभरात फोन बदलले. येत होते, पण टिल्लू एकटाच बोलायचा. आकडा सांगायचा, मग छापखान्याचं, मग हवेचं, मग दम न घेता "चल ताई, ठेवतो, काळजी घे." मध्ये तिने काही विचारलं तर "हो हो, ते बघू." पूर्वी ती काही विनोद करायची तर तो खो खो हसायचा. आता हसायचा, पण जरा मागाहून, कुणीतरी कोपराने ढोसल्यासारखा. गेल्या खेपेस तिने खात्री करायला आकडा परत वाचून दाखवला, त्यात दोन अंक उलटे झाले, तरी हा आपला "बरोबर, बरोबर." मंजुरी फेटाळली गेली आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

तिने सरळ हिशेब लावला. तो कंटाळला आहे. त्याला नोकरी आहे, बायको आहे, मुलगी आहे. आपण एक काम आहोत, दर दीड-दोन महिन्यांनी येणारं.

मग फॉर्म आला. धारणेची पद्धत बदलण्याचा. "दोघांच्या मंजुरीने" काढून "दोघांपैकी कोणीही एक". टिल्लूने आपली सही करून पाठवला होता. सोबत मेसेज: ताई, तू एवढा अभ्यास करतेस, प्रत्येक वेळी माझ्यासाठी का थांबायचं? तुझ्या मनाने कर. माझा विश्वास आहे.

मेसेजमध्ये खोट काढायला जागा नव्हती. हात झटकायचे तर इतक्या चांगल्या भाषेत कुणी झटकत नाही. तिने फॉर्म छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर, जिथे दुसरी खुर्ची आहे त्या बाजूला, ठेवून दिला.

सही केली की टिल्लूचा फोन बंद. एवढाच प्रश्न होता. बाकी भांडवलवृद्धी वगैरे होतच राहणार होती.

*

त्याच आठवड्यात दवाखान्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले, म्हणजे त्यांना त्यांच्या पत्नीने आणलं. पत्नीने खुर्चीत बसता बसताच तक्रार नोंदवली. "यांना सगळ्या जगाचं ऐकू येतं. मला सोडून."

मुख्याध्यापक बोलत होते. बसल्यापासून बोलत होते. रस्ता कसा खराब, लिफ्ट कशी हळू, दवाखान्याचा पंखा कुठल्या कंपनीचा. ताईने विचारायला तोंड उघडलं की ते नवा विषय काढत. पत्नीने एक टोमणा मारला तेव्हा ताई हसली, आणि ताईला हसताना पाहून मग तेही हसले.

ताईचा हात आवाजाच्या बटणावर तसाच राहिला.

हे ती इतकी वर्षं बघत आली होती. ऐकू कमी येणारा माणूस गप्प बसतो हा लोकांचा समज. पुष्कळजण उलट करतात. स्वतःच बोलत राहतात. आपण बोलत असलो की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. हसतात दुसऱ्यांकडे बघून. प्रश्न कळला नाही की "हो हो" म्हणतात, कारण जगातल्या निम्म्या प्रश्नांना "हो" चालून जातं. आणि यंत्रांच्या घरघरीत वर्षं काढलेल्या माणसाचे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. म्हणजे मुलांचे. बायकांचे.

मुख्याध्यापकांना आत बसवून तिने तपासणी पुरी केली. कागदावरची रेघ डावीकडून सरळ निघाली आणि उजवीकडे जिन्यासारखी उतरत गेली. तिने पत्नीला समजावलं की यात मुद्दाम काही नाही, तुमचा आवाजच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बाईंनी तो कागद ओढून जवळून बघितला. मग म्हणाल्या, सहा-सात वर्षं मी उगाच भांडले.

*

रविवारी सकाळी तिने टिल्लूला फोन केला. कुठलीही अदलाबदल नव्हती, ओटीपी नव्हता. असा फोन तिने आजवर केला नव्हता, आणि डायल करताना हात जरा चोरट्यासारखा वागला.

"ताई! फॉर्म मिळाला ना? घाई नाही हं काही. सावकाश कर. इकडे नवीन यंत्र आलंय, जर्मन, नुसतं बघत राहावं असं. आणि पोरगी आता होस्टेलला जाते म्हणते, हिचं डोकं फिरलंय..."

ती थांबली. तो दम घ्यायला थांबेल तोवर थांबली. दवाखान्यात शब्दांची तपासणी करताना ती तोंडासमोर एक जाड कागद धरते, म्हणजे पेशंटला ओठ वाचता येऊ नयेत. फोनवर त्याची गरज नसते.

नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, तुझी ती जुनी सायकल अजून आहे का?

"हो हो. बघू ना."

घराला या वेळी कुठला रंग दिलास?

तो हसला. थोडा उशिरा.

मग तिने आवाज खाली उतरवला, वडील बोलत तसा छातीतून काढला, आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "टिल्लू. बाहेर. ऊन. आहे का?"

"आहे की. चांगलं कडक आहे." मागे कुणीतरी भांडी लावत होतं. "ताई. तू मला तपासतेस का?"

"हो."

"पास की नापास?"

ती म्हणाली ते तिचं तिलाच नीट आठवत नाही. कधीपासून, असं काहीतरी विचारलं असावं. तो आता घाई न करता सांगत होता. यंत्रावर कानात घालायचे बोळे दिलेले असतात, ते कोण घालतं, घाम येतो. बायकोशी जमतं, समोर असते, तोंड दिसतं. मुलीने त्याच्याशी बोलणं कमी केलं आहे, तिला वाटतं बाबा लक्ष देत नाही. साहेबांच्या बैठकीत तो भिंतीला पाठ लावून बसतो.

"फोन मात्र अवघड जातो ग. नुसता आवाज येतो. तुझा आहे एवढं कळतं. तू ठेवलास की मी बसतो शब्द जुळवत, काय म्हणाली असेल म्हणून."

ताईने त्याला इकडे यायला सांगितलं. मी स्वतः तपासते, मशीन मी बसवून देते, आजकाल दिसतसुद्धा नाही. तो म्हणाला, येईन, छपाईचा हंगाम संपू दे. हे वाक्य तिने रोज ऐकलेलं होतं. पेशंट म्हणतात तेव्हा ती फाईलवर "नंतर" असं लिहिते.

"आणि रडू नकोस उगाच," तो म्हणाला. "मला ऐकू जाणार नाही. फुकट जाईल."

खालच्या पट्टीत बोलून तिचा घसा दुखत होता. फोन ठेवल्यावर ती उठून खिडकीपाशी गेली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी उन्हात घालत होतं.

म्हणजे तो कंटाळला नव्हता. हे चांगलं होतं. पण तिने नोंदवलेल्या प्रत्येक बदलापायी, घटलेल्या प्रत्येक ताऱ्यापायी, तो तिकडे फोन कानात खुपसून, घामाघूम होऊन, तिच्या आवाजाची हाडं चाचपत बसत होता. आणि ती इकडे पायावर पाय टाकून.

टेबलावरचा फॉर्म तिने ओढून घेतला आणि सही केली. सोमवारी दवाखान्यात जाता जाता पोस्टात टाकला.

*

मोफत पत्रं कशी पाठवतात याचीही एक मोफत सोय असते. नाव द्यायचं, रंग निवडायचा, वाचकांचे पत्ते टाकायचे. वाचकांच्या चौकटीत तिने एकच पत्ता टाकला. सोयीला ते पटलं नाही, आणखी वाचक कसे मिळवाल याच्या सूचना पडद्यावर आल्या.

अंक पहिला

प्रिय टिल्लू,

दुरुस्ती: आपल्या फंडांचं एका फुकटच्या पानावर गणित मांडून पाहिलं. घर विकलं त्या दिवशी जे घेतलं होतं, ते तसंच ठेवलं असतं तर आज आपल्याकडे आहे त्याहून जास्त असतं. एक लहान गाडी येईल एवढं जास्त. सगळे बदल माझ्या सांगण्यावरून झाले. मंजुरी दोघांची होती, पण सांगणं माझं.

या महिन्यात: आठ फंड होते, तीन ठेवते. कुठले आणि का ते सोबतच्या तक्त्यात आहे. वजावटीची मुदत संपेल तसे बाकीचे काढीन. त्यानंतर वर्षातून एकदाच बघायचं.

दवाखान्यातून: एक शिंपी येतात. सुई जमिनीवर पडल्याचा आवाज येईनासा झाला म्हणून आले. आमच्या यंत्रात तो आवाज नाही, तर ते स्वतः सुया घेऊन आले आणि मला पाडायला लावल्या. तीन पडल्या. एक अजून सापडलेली नाही, मी बूट घालून काम करते.

घरून: पाव अर्धा उरला.

मुलीला सांग, की बाबाशी बोलताना आधी समोर येऊन उभी राहा, मग बोल. आवाज चढवू नको, खाली आण. हे मी फी घेऊन सांगते, तिला फुकट.

तुझी, ताई

हे पत्र नको असल्यास खाली टिचकी द्या. (ही ओळ काढता येत नाही. मी प्रयत्न केला.)

*

पत्र पाठवलं की त्या सोयीच्या पानावर आकडे दिसतात. पाठवली: एक. उघडली: शून्य.

संध्याकाळी तिने पाहिलं तेव्हाही शून्य होतं. मंगळवारी मुख्याध्यापकांची पत्नी एकटीच येऊन श्रवणयंत्राची किंमत विचारून गेली. बुधवारी निवृत्त अधिकारी कुणावर तरी चिडला होता, ते ताईने अर्धंच वाचलं. दुपारी दोन पेशंटच्या मध्ये तिने पुन्हा पान उघडलं.

उघडली: एक.

उत्तर आलं नव्हतं. तो लिहिणाऱ्यातला नाहीच, शाळेत निबंध तीच लिहून द्यायची. तरी तिने पान थोडं खाली सरकवून पाहिलं, आणि पुढच्या रविवारी दुसरा अंक लिहिला, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. फंडांबद्दल सांगण्यासारखं दर वेळी कमी होत गेलं. पाचव्या अंकात फंडांची एकच ओळ होती. फॉर्म मंजूर झाल्याचं कंपनीने कळवलं. आता सगळं तिच्या एकटीच्या मंजुरीने चालत होतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी सकाळी घर शांत असे. ती लिहिताना वाक्य मोठ्याने म्हणून बघायची, खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा. शेजारच्या घरात त्यामुळे कुणी पुरुष राहायला आला आहे असं वाटलं असेल.

हंगाम संपला. उघडली: एक.

*

दुसऱ्या धारकाच्या फोनवर जो मेसेज जातो, त्यात आकड्याच्या खाली एक लिंक असते. ती दाबली की मंजुरी परस्पर नोंदली जाते आणि आकडा कुणाला फोन करून सांगावा लागत नाही. टिल्लूला हे पहिल्या अदलाबदलीच्या दिवसापासून माहीत होतं.